महापौरांची बेल

स्लावका पाव्लिशिनला महापालिकेत सगळे ‘बेलबाई’ म्हणायचे. तोंडावर नाही, जिन्यात, कँटीनमध्ये, कोट टांगायच्या खोलीत. ‘आज बेलबाईंचा मूड कसा काय?’ असं. तिला ते ठाऊक होतं आणि राग तर सोडाच, आतून बरंच वाटायचं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं हो. कुणाला मुलं असतात, कुणाला तळ्याकाठी बंगली असते. हिला ना नवरा ना मूल. हिला बेल होती.

ती हाती आली चौऱ्याहत्तर साली. मर्डो किलब्राइड त्याच वर्षी पहिल्यांदा महापौर झाला होता. आधी तो घरं तापवायच्या भट्ट्या विकायचा. शहरातल्या निम्म्या तळघरांत जाऊन आलेला माणूस, कुणाच्या घरात कोण खोकतंय इथपर्यंत त्याला माहिती. त्या जोरावर निवडून आला आणि पहिल्याच सभेत त्याच्या लक्षात आलं, की इथे बोलायला येणारा माणूस कचऱ्याच्या डब्यावर सुरू करतो आणि आजोबा कुठल्या बोटीतून आले इथे येऊन थांबतो. रात्रीचं जेवण हुकायला लागलं तसं त्यानं जाहीर केलं: उद्यापासून जो येईल त्याला पाच मिनिटं. धान्याचा व्यापारी असो नाहीतर दूध टाकणारा.

‘घड्याळ कोण बघणार?’ एका नगरसेवकानं खोचकपणे विचारलं.

मर्डोनं टायपिस्टांच्या रांगेकडे पाहिलं. टोकाला तेवीस वर्षांची, जाड वेणीची एक पोरगी बसली होती.

‘नाव काय गं तुझं?’

‘यारोस्लावा पाव्लिशिन.’

‘बाप रे, यातच अर्धं मिनिट गेलं! घरी काय म्हणतात?’

‘स्लावका.’

‘मग स्लावका, ही पितळेची बेल घे. आणि मंडळी, हिच्याशी कुणी हुज्जत घालायची नाही.’

पुढच्या आठवड्यात सभेआधी त्यानं तिला गाठलं. ‘आज मी चांगलं लांबण लावणार आहे. पाच मिनिटं झाली की वाजव. घाबरू नकोस.’ तिनं वाजवली. महापौर शब्द अर्धा टाकून, दोन्ही हात वर करून गपकन खाली बसला. सभागृहात असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, स्वतःच्याच बेलपुढे नमलेला महापौर. पुढच्या निवडणुकीत भिंतीभिंतीवर एकच ओळ होती: ‘सगळ्यांना पाच मिनिटं.’ तो त्या ओळीवर निवडून आला, मग पुन्हा आला, आणि पुन्हा. त्या दिवशीची ती बेल आधी ठरलेली होती हे दोघांनाच माहीत होतं. स्लावकानं आईलासुद्धा सांगितलं नाही. आणि खोटं तरी काय होतं त्यात? पाच मिनिटं झालीच होती ना!

आठ निवडणुका. नदीवर दोन पूल झाले, छपराखालचं हॉकीचं मैदान झालं, मर्डोचे केस आधी करडे, मग पांढरे झाले. स्लावकाची वेणी गेली, चष्मा आला, गुडघा दुखायला लागला. पितळेची बेल काचेच्या कपाटात गेली आणि तिच्या टेबलावर एक बटण आलं. एकदा दाबलं की बोलणाऱ्यासमोर पिवळा दिवा, म्हणजे एक मिनिट उरलं. पुन्हा दाबलं की लाल दिवा आणि घसा बसल्यासारखी एक घंटी.

ते बटण पहिल्यांदा ‘अडकलं’ ते एका बिल्डरच्या वकिलासाठी. वकील रंगात आला होता आणि पाच मिनिटं भरत आली होती. मर्डोनं चष्मा काढला, पुसला आणि सहज विचारावं तसं विचारलं, ‘स्लावका, बटण जरा अडकतंय का गं आज?’

ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, ‘हो महापौर, थोडं अडकतंय खरं.’

वकील आणखी नऊ मिनिटं बोलला. त्यानंतर विचारायचीही गरज पडली नाही. महापौरांनी चष्मा काढला की बटण अडकायचं. कुणासाठी अडकतं हे न कळायला ती काय दूधखुळी होती? मॉलवाले, हॉकी संघाचे मालक, जमिनींचे दलाल. पण एकदा, एकदाच, पुरात तळघर बुडालेल्या एका म्हाताऱ्या विधवेसाठीही त्यानं चष्मा काढला होता. कधी मन खायला लागलं की स्लावका त्या म्हातारीची आठवण काढायची आणि झोपी जायची.

आता तिच्या भावाचं. ओस्ताप तिच्याहून चार वर्षांनी धाकटा. रेल्वेयार्डापलीकडे बार्कर स्ट्रीटला पालिकेचं बर्फाचं मैदान होतं, त्याचा तो राखणदार. थंडी पडली की पाइपनं पाणी मारून थरावर थर गोठवायचे, पोरांच्या स्केट्सना धार लावायची, लाकडी खोपटातली लोखंडी शेगडी पेटती ठेवायची. राहायचाही तिथेच, खोपटामागच्या खोलीत. ‘कुंपणावर चढू नका रे गाढवांनो!’ हे तो एका दमात ओरडायचा. पण समोर कोट-टाय घातलेला माणूस आला, की संपलं. जीभ टाळ्याला चिकटायची. तोतरेपण लहानपणापासूनचं. दुकानात पाव मागायचा तरी स्लावकाच त्याचं अर्धं वाक्य पुरं करायची, आणि तो मान डोलवायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत ठराव आला: बार्कर स्ट्रीटचं मैदान मॉलला पार्किंगसाठी विकायचं. मंगळवारी दुपारी दोनला जाहीर सुनावणी. मैदान गेलं की ओस्तापचं काम जाणार, खोली जाणार, आणि त्याहून मोठं म्हणजे, जिथे त्याचं तोंड उघडतं अशी जगातली एकुलती एक जागा जाणार. गल्लीतले लोक म्हणाले, चर्चचे फादर बोलतील. ओस्ताप अडून बसला.

‘तेवीस व-वर्षं बर्फ मी घातला,’ तो म्हणाला. ‘ब-बोलणार मीच.’

रविवारी स्लावकाच्या स्वयंपाकघरात त्यानं तालीम केली. बोर्श्ट, बिटाचं सूप, गार होत होतं. दोन पानं लिहून आणली होती, ती तो उभा राहून वाचत होता आणि ती घड्याळाकडे बघत होती.

‘किती झ-झाली?’

‘अकरा मिनिटं.’

‘म्हणजे पाचात न-नाही बसणार?’

‘काही काढून टाकू या का?’

त्यानं पानं पुन्हा वाचली, नुसत्या डोळ्यांनी. ‘क-काय काढू? तूच सांग.’

तिनंही वाचली. काढण्यासारखं एक वाक्य नव्हतं. कुणाच्या घरातली भट्टी बंद पडली की पोराबाळांसकट माणसं खोपटातल्या शेगडीपाशी येतात, आणि अशी किती घरं आली, नावानिशी. ‘राहू दे सगळं,’ ती म्हणाली. ‘मी बघते.’

सोमवारी ती महापौरांच्या खोलीत गेली. चोवीस वर्षांत स्वतःसाठी काही मागायला ती कधी गेली नव्हती. मर्डो डोनट खात होता.

‘उद्या माझा भाऊ बोलणार आहे, महापौर. बार्कर स्ट्रीटवर.’

‘ओस्ताप! अगं, माझ्या नातवाच्या स्केट्सना त्यानंच तर धार लावून दिली. देवमाणूस! त्याला म्हणावं, बिनधास्त ये.’

‘त्याची जीभ अडखळते. पाच मिनिटं नाही पुरायची त्याला.’

मर्डो हसला, बोटांवरची साखर झटकली. ‘ते बटण काय, जुनं झालंय आता. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.’

स्लावकाला इतकं हलकं वाटलं, की गुडघ्याचं दुखणं विसरून ती जिना भराभर उतरली. महापौर चष्मा काढणार! तिनं ओस्तापला फोन करून सांगितलं, सावकाश बोल, अजिबात घाई करू नकोस.

मंगळवारी बाहेर उणे एकतीस होतं. ओस्ताप वडिलांचा काळा कोट घालून आला होता. बाह्या आखूड, मनगटं लाल. त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, पानं नीट लावली आणि सुरू केलं. ‘म-म-महापौर म-म-म...’ नुसता नमस्कार करण्यात एक मिनिट गेलं. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. पण तो डगमगला नाही. आज घाई नाही, असं बहिणीनं सांगितलं होतं ना. तो एकेक शब्द ओढून काढत होता, आणि सभागृह हळूहळू शांत होऊन ऐकायला लागलं होतं, हे स्लावकानं स्वतः पाहिलं. शहाण्णव सालच्या थंडीत कुठल्या घरात भट्टी बंद पडली ते त्यानं सांगितलं. दुसऱ्या घराचं नाव घेतलं.

चार मिनिटं झाली. तिनं पिवळा दिवा लावला. तेवढं तर करायलाच हवं होतं, वकिलांच्या वेळीही ती करायची. मग तिनं महापौरांकडे पाहिलं. चष्मा नाकावर होता. मर्डो पुढ्यातला कागद वाचत होता.

‘आणि त-तेव्हा ती म-माणसं आमच्या श-श-श...’

शेगडी. तो ‘शेगडी’वर अडकला होता. श-श करत त्यानं मान वळवली आणि थेट तिच्याकडे पाहिलं, पावाच्या दुकानात पाहायचा तसा. शब्द तिच्या ओठांवर होता. तिनं पुन्हा महापौरांकडे पाहिलं. काढा ना चष्मा! काढा ना, देवा! मर्डोनं कागद उलटला.

पाच मिनिटं झाली. कुणी तिचा हात धरला नव्हता, कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. इतकी वर्षं ती चष्मा बघून थांबली होती आणि आज चष्मा हलला नाही. तिनं बटण दाबलं.

लाल दिवा लागला. घंटी वाजली. ओस्ताप तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला, मग त्यानं तोंड मिटलं. ‘आ-आभारी आहे,’ म्हणाला, पानांची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसला. पुढचा माणूस मॉलचा होता. त्यानं चार मिनिटांतच आटपलं. मतं पडली, अकरा विरुद्ध चार. मैदान गेलं.

चार वाजता जिन्यात मर्डो भेटला. ओव्हरकोटाची बटणं लावत होता, फरची टोपी काखेत.

‘काय गं, मला वाटलं होतं आज बटण अडकेल.’

‘तुम्ही... तुम्ही चष्मा काढला नाहीत.’

‘चष्मा?’ त्याला खरंच कळलं नाही, किंवा कळलं असेल, देव जाणे. ‘अगं, मतं तर शुक्रवारीच ठरली होती. तो अर्धा तास बोलला असता तरी कुणाचं काय जात होतं? बोलू द्यायचंस बिचाऱ्याला. मी काल म्हटलं नव्हतं का तुला?’ मग त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं. ‘पण जाऊ दे, तुझंही बरोबरच आहे. नियम म्हणजे नियम. म्हणून तर इतकी वर्षं ती खुर्ची तुझी आहे.’

तो गेला. ती कठड्याला धरून उभी राहिली. मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या जिन्यात कळलं. त्यानं फसवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती, शिव्या घालता आल्या असत्या. पण त्यानं बटण तिच्यावर सोपवलं होतं. ते आलं त्या दिवसापासून तिच्याच टेबलावर होतं.

पुढचं पटकन सांगून टाकू. त्या ऑक्टोबरात मर्डो नवव्यांदा निवडून आला आणि पोहण्याच्या तलावाला त्याचं नाव दिलं गेलं. उन्हाळ्यात बार्कर स्ट्रीटवर डांबर पडलं. ओस्ताप बहिणीच्या तळघरात सहा वर्षं राहिला, भट्टीशेजारच्या खोलीत, आणि दिवसाला दहा शब्दही बोलेनासा झाला. ‘ती पानं वाचून दाखव ना मला,’ असं एकदा तिनं म्हटलं, तर नुसता हसला. एका सकाळी तो उठलाच नाही. मर्डो निवृत्त झाला त्याच दिवशी स्लावकाही झाली. त्यानं भाषणात तिला व्यासपीठावर बोलावलं, लोक उभे राहिले. ती जिन्यातली गोष्ट तिनं ओस्तापला शेवटपर्यंत सांगितली नाही.

सांगायची असती तर त्याच दुपारी सांगता आली असती. ती खाली आली तेव्हा तो दाराजवळच्या बाकावर तिची वाट बघत बसला होता, टोपी गुडघ्यावर. तिला पाहून लगबगीनं उठला. तिचा एक हातमोजा पडला होता, तो वाकून उचलून दिला.

‘म-माझ्यामुळे तुझी पंचाईत झाली,’ तो म्हणाला. ‘सगळ्यांसमोर बेल द्यायला ल-लागली तुला. भावाला.’

‘चल, बस चुकेल.’

‘नाही, म्हणजे मी आधीच थ-थांबायला हवं होतं. पिवळा लागला त-तेव्हाच.’ दार उघडलं तशी थंडी अंगावर आली. पायऱ्या निसरड्या होत्या, त्यानं तिचा दंड धरला. चार पायऱ्या उतरल्यावर त्याला राहवेना. ‘वर तुला कुणी ब-बोललं तर नाही ना? महापौर र-रागावले का?’

‘नाही,’ स्लावका म्हणाली. ‘साहेब खूश आहेत माझ्यावर.’

‘म-मग झालं तर,’ ओस्ताप म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल पडला.