खेचरांबरोबर गेलेला माणूस

कन्नड गावच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. ब्रिटिश साम्राज्याचा उदय आणि अस्त हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर जगाचा नकाशा काढायचो, इंग्रजांचा मुलूख गुलाबी खडूनं भरायचो आणि तास संपत येईल तसा एकेक देश पुसत जायचो. मुलं बघत राहायची. मला त्याचा अभिमान होता.

एके वर्षी तासानंतर दहावीतली एक मुलगी टेबलापाशी थांबली. मेंढपाळाच्या घरची, फारशी न बोलणारी.

“सर, माझे पणजोबा इंग्रजांच्या लढाईत गेलते. खेचरं सांभाळायला. परत आलेच नाय.”

“अस्सं?”

“घरी पलटणीकडनं आलेला एक इंग्रजी कागद हाय. आजोबा म्हणतेत, सरांना वाचायला बोलाव. त्यांच्या वडलाला अग्नी मिळाला का नाय, एवढंच त्यांना कळायला पाहिजे.”

“कागद उद्या घेऊन ये.”

“ते कुणाच्या हातात देत नाय, सर.”

तिचं गाव जीपनं अर्ध्या तासावर होतं. पण माझा धडा पुरा व्हायचा होता. “परीक्षा होऊ दे, मग येतो,” म्हणालो. परीक्षेनंतर माझी बदली झाली आणि मी ते विसरून गेलो.

गेल्या वर्षी शहरात छावणीच्या बाजारात एका बाईनं मला नमस्कार केला. तीच ती. आता बिडकीनला कंपनीत आहे. ओळख पटताच मी कागदाचं विचारलं.

“कॉलेजात इंग्रजी जमायला लागलं तवा मीच वाचला. आम्ही बर्मा समजत होतो, सर. पणजोबा इटलीत वारले. तिथं त्यांना आपल्या रीतीनं अग्नी दिला, असं लिहिलंय.”

“आजोबांना सांगितलंस?”

“ते आदल्या सालीच गेले.” तिच्या आवाजात राग नव्हता. “तुम्ही येणार म्हणून लई दिवस वाट पाहिली. जीप थांबली की ओट्यावर येऊन बसायचे.”

मग तिनं माझ्या तब्येतीची चौकशी केली.

पुढच्या रविवारी मी तिच्या गावी गेलो. तिच्या वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढून माझ्या हातात दिला. उणापुरा चार ओळींचा. मी तो मोठ्यानं वाचला, मग मराठीत सांगितला. वाचायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.