भाईदासच्या सहा बरण्या

भाईदास आमच्या धुळ्याच्या दवाखान्यात १९३१ साली टांगा हाकायला आला आणि पुढं बॅटऱ्यांचा माणूस झाला. दवाखाना माझ्या यजमानांचा. गावची वीज गेली की शस्त्रक्रियेच्या खोलीतला दिवा तासभर तरी भाईदासच्या सहा बॅटऱ्यांवर चाले. जाड काचेच्या त्या बरण्या ॲसिडनं भरलेल्या. त्यामुळं त्याच्या धोतराला नेहमी चाळणीसारखी भोकं. त्याला लिहिता येत नसे. कुठल्या बरणीत किती पाणी घातलं ते तो मला येऊन सांगे आणि मी माझ्या वहीत उतरवी.

१९४३ मध्ये दोन बॅटऱ्या निकामी झाल्या. उरलेल्या चारही नऊ वर्षांच्या जुन्या. लढाईमुळं माल मिळेना. जळगावहून कशाबशा दोनच नव्या आल्या. सोबतचं इंग्रजी पत्रक मी वाचलं आणि भाईदासला म्हटलं, "यात लिहिलंय, जुन्यात नवी जोडू नये. सहाही एका वयाच्या हव्यात."

तो हसला. "अक्का, हाई लिखनारानी कधी औत धरं नही. नवा गोऱ्हा एकला जुपतस का? जुना बैलसंगे जुपतस. जुना त्याले वाट दखाडस."

आमच्याकडे गोऱ्हे असेच शिकतात. मला ते पटलं. शिवाय दुसरा इलाजही नव्हता. संध्याकाळी त्यानं दिवा लावून दाखवला. पाच मिनिटं लख्ख जळला. मी वहीत लिहिलं, 'दिवा उत्तम.' पत्रक यजमानांना दाखवलं नाही.

१९ मार्चला साक्रीकडच्या एका खेड्यातून जीवराम आपल्या बायकोला, तानुबाईला, बैलगाडीतून घेऊन आला. मूल पोटातच गेलं होतं. आईला तरी वाचवायचं होतं. सहाला शस्त्रक्रिया सुरू झाली, पावणेसातला वीज गेली. भाईदासनं खटका ओढला. दिवा लागला, यजमानांनी मानही वर केली नाही.

नवव्या मिनिटाला उजेड पिवळा झाला. मग दिव्यातली तार नुसती लाल दिसू लागली. चारही जुन्या बॅटऱ्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि नव्या दोन्हींची ताकद त्यांच्यातच मुरत होती. खोलीत भूल द्यायचं ईथर होतं. कंदील आत नेला तर भडका. टॉर्चचे सेल बाजारात कित्येक महिने नव्हते. आम्ही खिडक्यांच्या काचांबाहेर कंदील धरून उभे राहिलो. आत यजमान बोटांनी चाचपत फुटलेली शीर शोधत होते. सव्वासातला तानुबाई गेली.

यजमान जीवरामला म्हणाले, "आणायला उशीर झाला." त्यानं मान डोलावली.

भाईदासला ते सोसवलं नाही. सकाळी जीवराम गाडी जुंपत होता, तिथं तो जाऊन उभा राहिला.

"भाऊ, तुना उशीर नही झाया. दिवा गया. जुनी बॅटरीस्मा मी नवी जोडी. मनी चूक शे."

"काबर जोडी?"

भाईदासनं गोऱ्ह्याचं सांगितलं. जीवराम जुवावर हात ठेवून ऐकत राहिला.

"जुना धडधाकट व्हता का?"

"नही. थकेल व्हता."

"मंग थकेल बैलले कोन गोऱ्हा जोडस?" जीवरामचा आवाज चढलासुद्धा नाही. "दोन्ही बसी जातस."

गाडीत प्रेतापाशी बसायला कुणी नव्हतं. भाईदास मागं चढून बसला. जीवरामनं त्याला उतर म्हटलं नाही.

तेराव्यानंतर भाईदास परतला आणि बॅटरीखोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. मी विचारलं, "पत्रकाचं सांगितलंस त्याला?"

"नही अक्का. त्यानी इचारं नही, मी तुमनं नाव लिधं नही."

यजमानांनी त्याला थांबवलं नाही. पुढं तो जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या वाहू लागला आणि १९४६ च्या थंडीत न्यूमोनियानं गेला. त्याची बायको शेवंताबाई हिला भेटायला मी दहाव्याला गेले. ओट्यावर जीवराम बसला होता. साक्रीकडून आला होता. त्यानं मला नमस्कार केला, सरकून जागा दिली. मी थोडा वेळ बसले, आणि पत्रकाचं काही न सांगता घरी आले.