बांबूचं पुढचं टोक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मोरबीत टाइलच्या कारखान्यात होतो. "भाऊजी, तुमचे दादा पडले. तवापासून खाट सोडून नाही राह्यले."

मी त्याच दिवशी सुट्टी टाकली. कारण खाट म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्या घरात एक आजार आहे. आजोबांना होता, बाबांना होता, आता दादाला. आधी पाय लटपटतात, मग जीभ जड होते. खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातून येतो, औषध नाही, जमेल तोवर चालत राहा. बाबा एकदा खाटेवर बसले ते परत चाललेच नाहीत.

बाजारातून चाकांचा वॉकर घेतला आणि गाडीत बसलो. सकाळी शेगावला उतरलो. कोणी आमच्याकडं आलं तर स्टेशनबाहेर गरम कचोरी खाऊनच पुढं निघा, पुढं नीट काही मिळत नाही. जळगाव जामोदची एसटी लगेच मिळाली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, समोर सातपुडा. कंडक्टरनं वॉकरकडं पाहिलं.

"म्हाताऱ्याले का?"

"भावाले."

तो तिकीट फाडून पुढं गेला.

जळगावहून जीप. भरल्याशिवाय सुटत नाही आणि दुपारनंतर मिळत नाही. शेवटी नाला ओलांडून पायी. पावसाळ्यात येऊच नका, पूल नाही.

दादा खाटेवर होता. दाढी वाढलेली. वॉकर पाहून हसला. "हे तुह्या टाइलीवर चालीन बे. अठी काय?" खरंच होतं. अंगणातच चाकं गोट्यांत अडकली. दोन पावलांत वॉकर आडवा, दादा माझ्या अंगावर.

मग मी छपरातला बांबू काढला. आमच्या वस्तीत बाबांच्या वेळेपासून असंच चालवतात. दोघं जण लांब बांबू कमरेएवढ्या उंचीवर धरतात, एक पुढं, एक मागं. आजारी माणूस मधे बांबू धरून चालतो. ज्याचा पाय पक्का तोच पुढं. त्याचा पाय हलला तर बांबू हलतो आणि मधला पडतो. बाबांच्या पुढं दादा असायचा. दादाच्या पुढं मी.

"बजारात जाऊ. तुही दाढी करू," मी म्हटलं. दादानं आधी बांबूकडं पाहिलं. मग हात पुढं केला.

पुढं मी, मागं सुमनवहिनी. नाल्यात बांबूला झटका बसला. "गोटा होता," मी म्हटलं. नाला चढून सपाट रस्त्याला लागलो. तिथं पुन्हा झटका बसला. तिथं गोटा नव्हता.

"थांब," दादा म्हणाला. "तू मांगं ये. सुमनले पुढं जाऊ दे."

"काऊन? भाऊजी थकले का?"

"हाव. परवासानं थकला तो."

हे त्यानं सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून सांगितलं. माझ्याकडं पाहिलं नाही. आम्ही जागा बदलल्या.

बाजारात कोणीतरी ओरडलं, "दिवसाढवळ्याच चढवली का गड्या?" दादा म्हणाला, "हाव. तुह्यासाठी नाही उरली." दाढी झाली, भजी खाल्ली. परतताना मी मागच्या टोकाला होतो. पूर्ण रस्ता मी वहिनीचे पाय पाहत आलो. किती सरळ पडत होते.

आता मी परत मोरबीत आहे. दादा रोज चालतो, पुढं वहिनी, मागं वस्तीतलं कोणी. वॉकरवर वहिनी कपडे वाळवते. नागपूरला या आजारासाठी रक्ताची तपासणी होते असं डॉक्टर म्हणाले होते. मी अजून गेलो नाही. इथं पॅकिंगच्या खोलीत फरशी आहे, तिचा जोड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ जातो. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मी त्यावरून चालतो, कोणी नसताना.

आधी दादा फोनवर विचारायचा, जेवला का. आता एवढंच विचारतो, "चालून राह्यला ना बे?"

"हाव," मी म्हणतो. आणि फोन ठेवेपर्यंत जागचा हलत नाही, पावलं त्याला ऐकू जातील.