मोठीने आधी उचलायचं

पिस्तुलाचं खूळ घरात मी आणलं, हे आधी सांगून ठेवते, कारण आता सगळे ते माझ्या धाकट्या जावेच्या नावावर लावतात. बँकेतल्या मैत्रिणीची मुलगी ठाण्यात एअर पिस्तूल शिकायला जायची. तिच्याबरोबर एकदा गंमत म्हणून गेले. दहा मीटरवरचं कागदी टार्गेट, एका हातात पिस्तूल, दुसरा हात खिशात. पहिला छर्रा सुटला आणि डोक्यातली सगळी कटकट थांबली. मग मी दर रविवारी जायला लागले.

ही गोष्ट माझी एकटीची होती, फार तर तीन महिने. मग एका श्रावणातल्या जेवणाला नवऱ्याने कौतुकाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आणि जाऊ म्हणाली, "ताई, मी पण येऊ?" पंगतीत नाही कसं म्हणणार? मी कोपरला राहते. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, घामाघूम होऊन रेंजवर पोचायचे. ती कोलशेतहून दहा मिनिटांत, केस सुद्धा न विस्कटता हजर. आणि दिवाळीपर्यंत तिचे छर्रे माझ्यापेक्षा मधे लागायला लागले. तिचं सगळं असंच आहे. मी दिलेल्या मोगऱ्याच्या फांदीला तिच्या कुंडीत आधी फुलं आली होती. मला फार काही नको होतं. एका तरी गोष्टीत तिने माझ्या मागे राहावं, एवढंच हवं होतं, आणि ती गोष्ट मी स्वतः शोधून काढली होती.

तोवर आम्ही क्लबचं पिस्तूल वापरायचो. ते दहा जणांच्या हातातून फिरायचं आणि त्याची मूठ कायम कोणाच्या तरी घामाने ओली असायची. तिथे शिकवणारे सर म्हणाले, आता स्वतःचं घ्या, पण पहिलं पिस्तूल नवंकोरं नको. त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी नवी घेतली होती, त्यांची जुनी विकायची होती. कंपनी कुठली, दिसतं कसं, याकडे बघूच नका, असं त्यांनी बजावलं. बघायची फक्त मूठ. पिस्तूल धरायचं, डोळे मिटायचे, हात समोर उचलायचा आणि डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरचा खुंट मागच्या खाचेत आपोआप मधोमध आला, तर ते पिस्तूल आपलं. मनगट वाकवून आणावा लागला, तर दुसऱ्याचं.

त्या रविवारी टेबलावर दोन्ही ठेवलेली होती. एकाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची, गुळगुळीत, चमकणारी. दुसऱ्याची लहान, काळपट, रंग उडालेली. मी हात पुढे करणार तेवढ्यात जाऊ एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आधी उचला."

आता हे समजायला आमच्या सासूबाईंची पद्धत माहीत पाहिजे. दर दिवाळीला त्या दोन सुनांना दोन साड्या आणतात. एकाच दुकानातल्या, एकाच भावाच्या, फक्त रंग वेगळे. दोन्ही सोफ्यावर मांडतात आणि सांगतात, मोठीने आधी उचलायचं. यात मोठीचा मान राहतो आणि भांडण होत नाही, असा त्यांचा समज आहे. माझी हालत मात्र दरवर्षी वाईट होते. मी एक उचलते, आणि भाऊबीजेला ती दुसरी नेसून आली की वाटतं, हीच घ्यायला हवी होती. म्हणून मी पुढे एक युक्ती काढली. साड्यांकडे बघायचंच नाही, तिच्याकडे बघायचं. तिची नजर जिच्यावर रेंगाळेल, ती उचलायची.

रेंजवरही मी तेच केलं. ती अक्रोडाच्या मुठीकडे टक लावून बघत होती. मी तेच उचललं. डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. खुंट खाचेत नव्हताच, पार बाजूला गेला होता. माझी बोटं आखूड, मूठ कोणा धिप्पाड माणसाची. सरांनी विचारलं, बसतंय का? मी म्हटलं, एकदम.

पुढचे दोन महिने माझे छर्रे टार्गेटवर डावीकडे जात राहिले. बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचायचंच नाही, मग मी तो ओढण्याऐवजी ढकलायचे. आणि शेजारच्या लेनमध्ये ती, त्या रंग उडालेल्या पिस्तुलाने, मधल्या काळ्या गोलात आरामात भोकं पाडत होती. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा चहा पिताना राहवलं नाही. मी म्हटलं, तुझं नशीबच चांगलं, उरलेलं सुद्धा चांगलं निघालं.

ती हसली. "ताई, रागावू नका हं. तुम्ही साड्या कुठे बघता? माझं तोंड बघता. मग मला जी नको असते, तिच्याकडेच मी बघत बसते."

"आणि पिस्तूल?"

"ते तर मी बुधवारीच येऊन धरून बघितलेलं."

घरी जाऊन मी कपाट उघडलं. आत माझ्या इतक्या वर्षांच्या दिवाळ्या टांगलेल्या होत्या, सगळ्या तिला नको असलेल्या रंगांच्या. राग तिचा आलाच, पण ती इतकी हुशार निघाली याचं त्याहून जास्त पोटात दुखलं.

दुसऱ्या रविवारी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, नवी लहान मूठ मागवू, नाहीतर हीच कानशीने घासून कमी करा, पुष्कळ जण करतात. फक्त एकदा घासलीत की ती तुमच्याशिवाय कोणाच्या कामाची राहणार नाही. ते हे धोक्याची सूचना म्हणून सांगत होते. मला ते फार आवडलं.

मूठ सोडवून गॅलरीत बसले. थोडं घासायचं, परत लावायची, धरायचं, डोळे मिटायचे. अंगठ्याखाली जरा, तळव्यापाशी जरा. जमिनीवर लाकडाचा भुसा पडायचा आणि नवरा म्हणायचा, अशीच घासत राहिलीस तर पिस्तूल दोऱ्याने बांधावं लागेल. चकाकी गेली, ओबडधोबड खड्डे पडले. आणि एका संध्याकाळी डोळे उघडले तर खुंट खाचेच्या मधोमध उभा होता.

त्यानंतर माझे छर्रे मधे यायला लागले. तिचे अजूनही जास्त मधे जातात, ते मी लपवत नाही. पण परवा ती माझ्या टेबलापाशी आली, म्हणाली, बघू, आणि माझं पिस्तूल उचललं. डोळे मिटून हात वर केला, उघडले. पुन्हा एकदा केलं. बोटं इकडे तिकडे सरकवली. तिची निमुळती बोटं त्या खड्ड्यांत बसतच नव्हती. मला इतका आनंद झाला की सरांकडे पाठ करून उभी राहिले.

पिस्तूल खाली ठेवताना ती मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझी पण अंगठ्यापाशी जरा टोचते. ताई, तुम्ही कुठली कानस वापरली?"

मी म्हटलं, "आठवत नाही गं."

कानस माझ्या पर्समध्येच होती.