धंतोलीच्या फॉर्मवर बाबांनी लिहिलेला शब्द

धंतोली म्हणजे नागपुरातला दवाखान्यांचा भाग, तिथे हौसेनं कुणी जात नाही. तरी विदर्भातून इतके जण जातात, म्हणून लिहून ठेवते. बाबा आठवडाभर जेवतानाही खोकत होते, तेव्हा मीच हट्ट धरला. "धुळीचा हाय, जाते आपोआप," हे आम्हा विणकरांच्या घरातलं ठरलेलं उत्तर. या वेळी मी ऐकलं नाही.

उमरेडहून सकाळची एसटी धरा, दीडेक तासात नागपूर. बसस्थानकावर ऑटोवाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात. धंतोली जवळच आहे, घासाघीस करा. आणि खाऊन जा, रांगेत दुपार होते. आम्ही कोपऱ्यावर पोहे खाल्ले. पोह्यांवरची झणझणीत तर्री बाबांनी पहिल्यांदाच नको म्हटली.

दवाखान्यातला फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. बाबा सातवी शिकलेले, पण पेन काही देईनात. मग 'तक्रार' या रकान्यासाठी मी अक्षरं सांगितली : सी, ओ, यू, जी, एच.

"अन् म्हणाचं काय?"

"कफ."

"मंग हे जी-एच कायले ठेवले वं?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते. हेच जी-एच 'रफ'मध्ये फ होतात, 'थॉट'मध्ये गप्प बसतात, पोरंही चिडतात, एवढंच सांगितलं. खोकला आणि खोकणं, दोन्हीला हाच शब्द. आपण मात्र छातीतून पडतो त्याला कफ म्हणतो. बाबांनी मान डोलावून एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठवडा झाला," मी म्हटलं.

"दोन वर्सं झाले, साहेब," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळले. "बाबा, घरात आमाले कसं ऐकू नाही आलं?"

"माग चालू असला का खोकत होतो. फणीनं धागा ठोकाचा अन् खोकाचं. तुमाले खटखटच ऐकू ये."

त्याच खटखटीत शेजारच्या खोलीत मी वह्या तपासायचे. बाबा कामात आहेत म्हणून निर्धास्त असायचे. मला स्वतःचा भयंकर राग आला.

एक्स-रेत फुफ्फुसावर डाग निघाला. आता सुईनं तुकडा काढून तपासणार आहेत. मंगळवारी परत जायचंय. तुम्ही जाल तेव्हा जुन्या चिठ्ठ्या, गोळ्या, सगळं सोबत न्या. आणि किती दिवसांपासून, ते ज्याचं त्याला सांगू द्या.

घरी आल्यावर बाबा सवयीनं मागावर बसले. खोकला आला तसा हात फणीकडे गेला, मग त्यांनीच तो मागे घेतला. माग बंद ठेवून वाकून खोकत राहिले, बराच वेळ. मी पाठीवर हात ठेवला.

"ऐकून राहिली ना वं?"

"ऐकून राहिली, बाबा."