ऐंशी वर्षांची वाईन

"लोणचं म्हणालात तुम्ही, बाबा. वाईनला."

"लोणचं नाही म्हणालो. लोणच्यासारखी मुरलीये म्हणालो." जयप्रकाश बुटाची नाडी बांधत होते.

"तेच ते. मला किती लाज आली माहितीये?"

लाज येत नाही, वाटते, असं तिच्या आईने, शकुनने, एरवी लगेच सुधारलं असतं. कादंबरी सातव्या वर्षापासून कोलकात्यात वाढलेली, तिच्या मराठीत असे खडे लागायचेच. आज शकुन नुसती पोळी लाटत राहिली.

काल संध्याकाळी तिघं अनीशच्या घरी जेवायला गेली होती. अनीश कादंबरीच्या ऑफिसातला, मराठीच. लग्न करायचं हे दोघांनी ठरवलेलं, आईवडिलांची गाठ मात्र पहिल्यांदाच पडत होती. साखरपुड्याची तारीख काढायला रविवारी पुन्हा जायचं होतं.

जयप्रकाश तासगावकडचे, द्राक्षबागेतले. शिकून तेल कंपनीत लागले, आधी पाच गावं फिरले आणि मग कोलकात्याजवळच्या बजबजच्या डेपोत स्थिरावले. माणूस अबोल. पण चार लोकांत तोंड उघडलं की घरचे आधी समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचे. शकुन पुण्याची. लग्न झाल्यापासून ते काही बोलले की मागोमाग सारवासारव करायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं, आणि त्यात तिचा हात चांगला बसला होता.

काल अनीशच्या वडिलांनी, अजेय यांनी, स्पेनहून आणलेली बाटली उघडली. ग्रनाश नावाची द्राक्षं, त्यात आणखी दोन जातींची थोडी मिसळ, असं त्यांनी सांगितलं. "ओल्ड वाईन आहे. एटी इयर्स," असंही म्हणाले. ग्लास कसा फिरवायचा, आधी वास कसा घ्यायचा, घोट जिभेवर थोडा वेळ का ठेवायचा, हे त्यांनी हौसेने दाखवलं. शकुनने घोट ठेवला. आधी पिकलेल्या जांभळासारखं गोड तुरट, मग मिरीचा चटका, आणि गिळल्यावर घशात राहिलेली ऊब. आवडलं तिला. पण कुणी काही बोलेना, म्हणून तीही गप्प बसली.

जयप्रकाशनी मात्र डोळे मिटले होते. "बेदाण्याच्या शेडमध्ये दुपारी शिरलं की असा वास येतो," ते म्हणाले. "आणि ऐंशी वर्षं म्हणजे काय, लोणच्यासारखी मुरलीये."

अजेय हसू दाबत म्हणाले, "वाईन चारच वर्षांची आहे. वेल ऐंशी वर्षांचे. व्ही आय एन ई, वाईन." आपल्या तोंडात दोन्ही शब्दांचा उच्चार एकच.

सगळ्यांच्या आधी शकुन हसली. "यांचं असंच असतं हो. डेपोत बसून बसून डिझेल तेवढं कळतं." मग सगळेच मोकळेपणाने हसले. जयप्रकाशही हसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ऐंशी वर्षांचं झाड? आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग काढून टाकतात. एवढ्या जुन्या झाडाला घड किती धरतात?" शकुनने त्यांच्या बाहीवर हात ठेवला. "पुरे आता. जेवण गार होतंय."

सबंध संध्याकाळभरात विचारण्यासारखं तेवढंच कुणी विचारलं होतं, हे तिला घरी येताना टॅक्सीत कळलं. त्याहून वाईट गोष्ट तिला टेबलावरच माहीत होती. दुसरा घोट घेताना तिच्या मनात आलं होतं, ही भरली तेव्हा आपली आईसुद्धा जन्मली नव्हती. तीही ऐंशी वर्षांची वाईनच पीत होती. जयप्रकाश बोलून गेले, एवढाच फरक. आणि आपलं कुणाला कळू नये म्हणून ती सगळ्यांत मोठ्याने हसली होती.

"रविवारी बाबांना बरं नाही म्हणून सांगू," कादंबरी आता आईकडे वळून म्हणाली. "तू सांग ना आई. तुला छान जमतं ते."

"डेपोत काम निघालं म्हणून सांगा," जयप्रकाश डबा पिशवीत ठेवत म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ते खरं वाटेल."

"पण तारीख काढताना बाबा नसतील तर विचित्र दिसेल का?"

"तुझी आई सांभाळून घेईल. घेते ती."

टोमणा असता तर शकुनला बरं वाटलं असतं. पण तो टोमणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. तव्यावरची पोळी करपली तशी तिने गॅस बंद केला.

"रविवारी तिघंही जायचं," ती म्हणाली. "तारखेचं बोलणं निघायच्या आधी मी सांगणार आहे, ती ऐंशी वर्षांची वाईन आहे असं मलाही वाटलं होतं."