स्पीकरखालचं घोंगडं

मला कमी ऐकू येतं. कमी म्हणजे किती, तर पाठीमागून ट्रॅक्टर आला तरी तो अंगावर येईपर्यंत कळत नाही. साखर कारखान्यात मिलहाऊसला फिटर होतो मी. सगळी नोकरी रोलर आणि टर्बाइनच्या शेजारी गेली. तिथं बोलायचं म्हणजे एकमेकाच्या कानात बोंबलायचं. कानात बोळे घाला म्हणून साहेब सांगायचे, पण आम्ही कुठले घालतोय! आता पोरानं पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलंय. ते घातलं की ताटली आपटल्याचा आवाज थेट टाळक्यात जातो आणि माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. म्हणून ते फडताळात ठेवलंय.

अशा माणसानं, एकट्या घरात, या वयात गाण्याचं मशीन कशाला आणावं? निरवांगीत, आमच्या गावात, ज्यानं त्यानं विचारलं. म्हातारं बिथरलं, असंही कुणीतरी म्हणालं असंल. म्हणू दे, त्यांच्या बापाचं काय जातंय!

माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. तिला लिहिता येत नव्हतं. सुनेनं तिला मोबाईलवर बोलून निरोप पाठवायला शिकवलं होतं. त्याला बटण दाबून धरावं लागतं, आणि हिचे हात कायम पिठात. मग सुनेनं युक्ती दाखवली, की बटण वर सरकवलं की ते आपलं आपण चालू राहतं. चालू करायला ही लगेच शिकली. नंतर मात्र भाकरी होईपर्यंत विसरायची, आणि हात धुतल्यावर आठवलं की मग पाठवायची. त्यामुळं निरोप एका वाक्याचा, "मोटार बंद करून या, जेवाण झालंय," आणि त्याची लांबी पाच-पाच मिनिटं. पुढं नुसतं भाकरी थापल्याचं, तव्याचं, कोंबड्यांचं. मी बांधावर उभा राहून पहिलं वाक्य ऐकायचो, उत्तराला अंगठ्याचं चित्र पाठवायचो आणि मोबाईल खिशात टाकायचो.

ती गेल्यावर ते सगळे निरोप मी शेवटपर्यंत ऐकले. एकवीस होते. बाकी काही नाही, फक्त तिचा आवाज विसरायला नको म्हणून. माणूस गेलं की आधी आवाज जातो, चेहरा फोटोत तरी राहतो. त्यातल्या एका निरोपात, अगदी शेवटी, भाकरी थापायचं मध्येच थांबतं आणि ही कुणाशी तरी बोलते. हळू, लाडात आल्यासारखं. शब्द काही कळेनात. घरात तर आम्ही दोघंच, आणि मी शेतात. मग ही बोलते कुणाशी?

मोबाईल कानाला घट्ट लावला, वायर कानात घालून बघितली, पण कानात भुंगा शिरल्यासारखं व्हायचं. शेजारच्या भावकीतल्या कुणाला ऐकवावं म्हटलं, तर लाज वाटली. नवरा-बायकोतलं काय असंल कुणाला ठाऊक, मला शिव्याही घातल्या असतील. पोराला तर त्याहून नको. जे काय असंल ते मलाच ऐकायचं होतं, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकायचं होतं.

म्हणून बारामतीला गेलो. बसस्टँडच्या अलीकडं स्पीकर आणि टीव्हीचं दुकान आहे. दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. "आबा, काय ऐकणार तुमी?" म्हणाला. बायकोला ऐकायचंय, असं भर दुकानात कसं सांगायचं?

"भजन," म्हणालो मी.

"मग बास पायजे, खालचा जाडा आवाज! पखवाज कसा छातीत घुमला पायजे." त्यानं कमरेएवढ्या दोन पेट्या दाखवल्या आणि वाजवून दाखवल्या. माझ्या सदऱ्याची बटणं थरथरली. मला वाटलं, आता कसं, ऐकू न येऊन जातंय कुठं! टेम्पोत घालून घेऊन आलो.

आता फिटरची खोड सांगतो. आमच्याकडं एक नियम होता, जे हलतं ते आवळायचं. पंप असो, मोटार असो, आधी काँक्रीटचं फाउंडेशन, त्यात बोल्ट, मग मशीन. पेट्या वाजताना थरथरतात हे बघितल्यावर दुसरा विचारच मनात आला नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून वीतभर उंचीचे दोन ओटे ओतले, बोल्ट सोडले आणि पट्ट्या टाकून पेट्या अशा आवळल्या की भूकंप आला तरी हलणार नाहीत. आठ दिवस ओट्यांना पाणी मारलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "तात्या, पिठाची गिरणी टाकताय व्हय?"

नवव्या दिवशी तो निरोप लावला. "मोटार बंद करून या..." आणि सगळं घर बोलायला लागलं. पेट्या हलायच्या थांबल्या होत्या, पण त्यांची थरथर ओट्यात, ओट्यातून भिंतीत, आणि भिंतीतून घरभर गेली. मांडणीवरची ताटं, खिडकीची काच, दाराची कडी, जे ते आपलं गाणं म्हणायला लागलं. आणि तिचा आवाज? रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा घोगरा, जाडा. ही अशी कधीच बोलली नव्हती. तिचा आवाज बारीक होता, किनरा, लांबून हाक मारली तर कोंबड्या उठून पळायच्या. मला एवढा राग आला की तारच उपटली. तिचा उरलासुरला आवाजही मीच आवळून मारला असं वाटलं. त्या दिवशी जेवलो नाही.

मग भांड्यांच्या मागं लागलो. मांडणीवरच्या ताटांच्या मधे फडकी घातली. ती सगळी हिच्या हातानं लावलेली, मोठ्यापासून लहानापर्यंत. दीड वर्षात मी त्यातलं एक ताट आणि एक वाटी सोडून कशाला हात लावला नव्हता. प्रत्येक ताट खाली काढून पुसलं आणि फडकं घालून परत ठेवलं. खिडकीच्या काचेच्या फटीत लांबी भरली. एवढं करूनही आवाज घोगरा तो घोगराच.

बोल्ट काढून पेट्या टेम्पोत घातल्या आणि पुन्हा बारामती. दुकानदाराला म्हणालो, "पेट्या परत घे." तो म्हणाला, "का आबा? भजन बरं वाजंना?"

"भजन न्हाय," म्हणालो. "बाईमाणसाचं बोलणं ऐकायचंय. घरातलीचं. ती आता न्हाय."

गडी उठला आणि दुकानातले सगळे टीव्ही बंद केले. म्हणाला, "लावा बघू." मी दुसराच एक निरोप लावला, येताना शेवग्याच्या शेंगा आणा म्हणणारा. त्यानं डोळे मिटून ऐकला. ओटे, बोल्ट, पट्ट्या सगळं सांगितल्यावर मात्र हसू आवरेना त्याला. "आबा, ह्यो काय पंप हाय का? ह्याला आवळायचं न्हाय. ह्याच्या बुडाला मऊ द्यायचं, म्हंजी थरथर हितल्या हितं मरती. आन् बोलण्याला एवढा बास कशाला? पैल्यांदाच खरं सांगितलं असतं तर!" त्यानं मोठ्या पेट्या परत घेतल्या आणि मांडीवर बसतील एवढ्या दोन दिल्या. भिंतीपासून हातभर पुढं ठेवा, बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या, आणि तुम्ही दोन्हींच्या मधोमध बसा, असं एकेक समजावून सांगितलं. मी हो हो म्हणत राहिलो. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी एवढा वेळ बोललं होतं.

घरी आलो तर मऊ काय द्यायचं हा प्रश्न. मग आठवलं घोंगडं. माझ्या वडिलांची मेंढरं होती, त्या लोकरीचं ते. वडिलांनी ते पावसाळ्यात अंगावर आणि उन्हाळ्यात अंगाखाली वापरलं. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, मी कारखान्यात चिकटलो आणि घोंगडं ट्रंकेत गेलं. हिनं ते काढून मांजराला दिलं होतं. मला मांजराचा कंटाळा, मी रोज हाकलायचो, आणि ही रोज दूध घालायची. ही गेली तरी मांजर काही घर सोडेना. त्याच्या बुडाखालचं घोंगडं ओढलं, ते गुरगुरलं. चार घड्या करून दोन स्टुलांवर निम्मं निम्मं टाकलं आणि वर पेट्या ठेवल्या. मांजर एका स्टुलाच्या खाली जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या घोंगड्यात जाऊन बसलं.

निरोप लावला. "मोटार बंद करून या, जेवाण झालंय." अरं देवा! तोच आवाज, स्वयंपाकघरातनंच आल्यासारखा. मी "आलो" म्हणून बसलो. खरंच तोंडातनं गेलं. मग माझं मलाच रडू आलं आणि निरोपाचं पुढचं ऐकायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेवटचा हळू भाग ऐकायला आवाज पूर्ण मोठा केला. तर नेमकी त्याच ठिकाणी ट्रर्रर्र. थांबवलं की थांबायचं, लावलं की पुन्हा. ताटं तपासली, कडी तपासली, स्टुलाचे पाय तपासले. आता उरलंय काय या घरात हलायला? डोकं धरून बसलो होतो, एवढ्यात रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या त्या दणदणत्या गाण्यासकट. आणि माझी पेटी बंद असताना तीच ट्रर्रर्र आली. मला ती कानानं कमी आणि भिंतीला टेकलेल्या पाठीनं जास्त कळली. वर बघितलं तर हिचा फोटो. पोरानं मोठा करून, काच लावून, चंदनाचा हार घालून टांगलेला. एकाच खिळ्यावर होता, आणि भिंत हलली की फ्रेम भिंतीवर वाजत होती.

फोटो उतरवायचा म्हणजे आमच्यात काय साधी गोष्ट आहे होय? गेलेल्या माणसाचा फोटो एकदा भिंतीवर गेला की पिढी बदलेपर्यंत तिथंच. तरीपण उतरवला आणि कॉटवर माझ्या उशीशेजारी आडवा ठेवला. नेमका पोराचा व्हिडिओ कॉल आला. "तात्या, आईचा फोटो कुठंय?"

"वाजत होता," म्हणालो.

"फोटो कुठं वाजतो का, तात्या? दीड वर्षात काढून टाकला तुमी? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणतील. तुझ्या आईचं बोलणं ऐकू येईना मला तिच्या फोटोपायी." असं म्हणून फोन ठेवून दिला. पोरगं रागावलं असंल. रागावू दे.

दार लावलं. पंखा बंद केला. दोन्ही पेट्यांच्या मधोमध, उंबऱ्याकडं तोंड करून बसलो आणि निरोप लावला.

"मोटार बंद करून या, जेवाण झालंय." मग थापणं. तवा. लांब कुठंतरी कोंबडा. पुन्हा थापणं. मग थापायचं थांबलं आणि दुधाची वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. आणि ती म्हणाली, एकेक शब्द स्वच्छ:

"पी गं बाय. त्यास्नी ऐकू येत न्हाय, तुला बोलता येत न्हाय. मी बोलायचं कुणासंगं?"

घोंगड्यातनं मांजर उठलं. कान टवकारून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलं, आत बघितलं, आणि तिथंच वाट बघत बसून राहिलं.

मी मोबाईल हातात घेतला. निरोपाखाली तारीख होती, वेळ होती, आणि त्याच्याखाली मी त्या दिवशी पाठवलेलं उत्तर. अंगठा.